सात किलो आणि पाचची घंटा

टण्.

दुपारच्या सामसुमीत स्वयंपाकघरातून हा आवाज आला आणि खारूच्या आईने मान न वळवताच ओळखलं, की हे भांडं नव्हे. भांडं पडलं की आधी वाजतं, मग गरगरतं आणि शेवटी कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन गप्प होतं. हा आवाज एकदाच आला आणि आला तिथेच बसला. पितळी वजनाचा आवाज होता तो.

तिने आधी पलंगाकडे पाहिलं. खारू, वय वर्षं पाच, नुकतीच झोपली होती. जागेपणी ती मिनिटाला दोन या दराने प्रश्न विचारायची, त्यामुळे तिची दुपारची झोप हा त्या घरातला एकुलता एक मोकळा तास होता. त्या तासात तिची आई यंत्रांची माहितीपत्रकं लिहायची. 'पातं फिरत असताना आत बोट घालू नये.' 'हे यंत्र पाण्यात बुडवू नये. बुडवल्यास पुन्हा सुरू करू नये.' खारूने कूस बदलली, ओठ हलवले, बहुधा स्वप्नातही कुणालातरी 'का?' असं विचारलं, आणि पुन्हा शांत झाली. आई पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेली.

माळ्याच्या हुकाला पडद्याची दांडी आडवी टांगलेली होती. तिच्या एका टोकाला प्रवासाची बॅग, दुसऱ्या टोकाला बादली, बादलीत पाण्याच्या बाटल्या आणि या सगळ्याच्या मधोमध श्वास रोखून उभा असलेला तिचा नवरा.

"सहा किलो नऊशे नव्वद," तो कुजबुजला. "अजून दहा ग्रॅमची जागा आहे. तुझा कंगवा घालू का?"

नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांतून जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा आणि खोटे असले तर सील ठोकायचं, हे त्याचं काम. इमारतीत त्याला सगळे काटेसाहेब म्हणत. त्याचं आडनाव काटे नव्हतं हे आता पोस्टमनही विसरला होता. भाजीवाले त्याला पाहिलं की घाबरून चार शेंगा जास्त टाकत आणि तो त्या मोजून परत करी. अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं, पण निदान साखर किती राहिली आहे याबद्दल घरात कधी वाद होत नाहीत.

बाटल्यांचं कारण मात्र जरा खोलातलं होतं. खारूच्या आजोबांसाठी, म्हणजे आपल्या सासऱ्यांसाठी, त्याने एक भेट घेतली होती: लाकडी पेटीत बसवलेली जुनी पितळी वजनं, एक किलोपासून दहा ग्रॅमपर्यंत, सगळी मिळून बरोबर दोन किलो. ती त्याने स्वतः घासूनपुसून लखलखीत केली होती आणि रीतसर तपासून दाखलाही घेतला होता, कारण सासऱ्याला झालं तरी खोटं वजन कसं द्यायचं? आता अडचण अशी, की बॅग तोलायची तर वजनं पारड्यात हवीत, आणि वजनं तर बॅगेत जायला हवीत. एकाच वेळी दोन्हीकडे असणं वजनांना जमत नव्हतं. म्हणून त्याने आधी वजनांनी बाटल्या तोलल्या होत्या, मग वजनं बॅगेत भरली होती आणि आता बाटल्यांनी बॅग तोलत होता. त्यातलंच पन्नास ग्रॅमचं एक हातातून निसटलं होतं.

या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी खारूची आईच होती, हे तिलाही मान्य होतं.

तिचे वडील एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. एकतीस वर्षांपूर्वी घंटा वाजवणारा माणूस आजारी पडला म्हणून आठवडाभरासाठी ते कामही त्यांच्याकडे आलं, आणि तो आठवडा अजून संपला नव्हता. घंटेच्या दोराला ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. मुख्याध्यापिका बाईंनी एकदा हौसेने हात पुढे केला, तेव्हा त्यांनाही "राहू द्या बाई, तुमचे कपडे मळतील" असं सांगितलं होतं. आता येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि फोनवर त्यांनी खारूला सांगितलं होतं, "शुक्रवारी पाचची घंटा तू वाजवायची. मी धरीन, तू ओढ."

खारूने त्या दिवसापासून घरातली प्रत्येक लोंबती वस्तू ओढून सराव सुरू केला होता. पडद्याची दांडी मोकळी मिळाली ती त्यामुळेच.

आगगाडीला सोळा तास लागत आणि नवऱ्याला रजा मिळाली एकाच दिवसाची. विमानाचा विचार त्या घरात कुणी केलाच नव्हता. पण एका दुपारी, पात्यात बोट घालू नये हे पाचव्यांदा लिहून झाल्यावर तिला सहज एका स्वस्त विमान कंपनीची जाहिरात दिसली. तिकीट आगगाडीपेक्षाही कमी होतं. तिला हर्षापेक्षा कुतूहल वाटलं. एवढं मोठं यंत्र उडवायचं, आत माणसं ठेवून, आणि तेही इतक्या स्वस्तात? यांनी काढून काय टाकलं असेल?

मग कंपनीने तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आसन निवडायचं आहे? नको. घरच्यांच्या शेजारी बसायचं आहे? खारू बाबांजवळ बसेल, मी कुठेही. विमा? आधी चढायचं? पायांना जागा? पाणी? प्रत्येक नकारानंतर पडद्यावर 'नक्की नको?' असं यायचं आणि शेजारी एक चेहरा हिरमुसून बसायचा. तिने अकरा वेळा नको म्हटलं. सगळ्याला नको म्हटल्यावर शेवटी जे उरलं, ते विमान. मग तिने नियमांची बेचाळीस पानं वाचून काढली. ती स्वतः याच धंद्यातली असल्यामुळे, बारीक अक्षरात लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाबद्दल तिला आपुलकीच वाटली. हातातली बॅग कुटुंबामागे एक, सात किलो, त्यापुढे दंड. कलम चौदा: अंगावरच्या कपड्यांचं वजन होणार नाही.

ही शेवटची ओळ तिने जिन्यात सहज बोलून दाखवली आणि तिथेच चुकलं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका तासाभरात एक कागद घेऊन आले. मधोमध रेघ, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तोट्यांत खुर्ची मागे कलत नाही, विमानतळ गावाबाहेर असतो, तिथून बस मिळत नाही, विमान चुकलं तर कुणी ओळख दाखवत नाही, असं करत करत कागद उलटून मागच्या बाजूलाही मजकूर गेला होता. फायद्यांत एकच शब्द होता: 'पोहोचतं'. त्यापुढे काकांनी पेन्सिलने 'बहुधा' लिहिलं होतं. काका स्वतः शेवटचे विमानात कधी बसले होते, हे विचारल्यावर ते म्हणाले, की बसण्याचा प्रश्न नाही, अभ्यास आहे.

शेजारच्या शिवणवाल्या मावशींचा अभ्यासावर विश्वास नव्हता. त्यांनी काटेसाहेबांचा कोट न विचारता नेला आणि आतून अकरा खिसे शिवून परत आणला. एवढ्या खिशांत निम्मी बॅग मावेल, असं त्या म्हणाल्या. त्यांचा एक भाचा असाच तीन शर्ट आणि दोन पँटी घालून गेला होता, पोहोचला होता. वाटेत घेरी आली ती गोष्ट वेगळी. नवऱ्याने कोट घेतला, आभार मानले आणि आत येऊन हळू आवाजात सांगितलं, की ही वजनातली चोरी आहे. बायकोने चौदावं कलम दाखवलं. तो म्हणाला, कलमात बसली तरी चोरी ती चोरीच. कोट तो घालणार होता, कारण मावशींना वाईट वाटलं असतं. खिसे मात्र रिकामे राहणार होते. आणि म्हणूनच, गुरुवारच्या दुपारी, दांडी, बादली आणि बाटल्या.

कंगवा घातला. सात किलो झाले. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

विमानतळाला शहराचं नाव होतं, पण शहराचा त्याच्याशी तेवढाच संबंध होता, जेवढा दूरच्या चुलत्याचा आपल्याशी असतो. सकाळच्या पहिल्या बसने निघून ते दीड तासाने पोहोचले. विमान साडेदहाचं होतं, साडेबाराला उतरणार होतं, पुढे दोन तासांची बस. पाचच्या घंटेला अडीच तास हातात. खारूची आई मनातल्या मनात हा हिशेब सारखा करत होती, कारण त्याने बरं वाटत होतं.

इमारत म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. आत एकच काउंटर, एकच काटा आणि पुढे शेपन्नास माणसांची रांग. काउंटरवरची मुलगी हसून बोलत होती आणि हसूनच दंड सांगत होती. पुढचा प्रत्येक माणूस खाली वाकून बॅग उघडत होता, काहीतरी अंगात चढवत होता. त्यांच्या पुढे एक दंतवैद्य होता, त्याने तर दोन स्वेटर घातले आणि घामाघूम होऊन पुढे गेला.

नवऱ्याने बॅग ठेवली, एखादा हुशार मुलगा उत्तरपत्रिका ठेवतो तशी.

सात पूर्णांक पस्तीस.

"सर, साडेतीनशे ग्रॅम जास्त आहेत," मुलगी म्हणाली. "कोटात काही घालता का? खिसे असतील ना?"

तिच्या आवाजात फक्त मदत होती. पण काटेसाहेबांचा चेहरा असा झाला, की जणू त्यांना भर चौकात कुणी पाकीटमार म्हटलं.

"कोट पण विमानातच येणार ना?" खारूने काउंटरवर हनुवटी टेकवून विचारलं.

"हो, बाळा."

"मग विमानाला काय फरक पडला?"

मुलीने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की तिला तीन वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

तोवर नवरा खाली वाकला होता. काट्याच्या बुडाशी, जिथे माणसं पाहत नाहीत तिथे, तपासणीचा कागद चिकटवलेला होता. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॉक्टरला पेशंटच्या खोकल्यात काहीतरी ऐकू यावं, तसं काहीतरी होतं. त्याने बॅग उघडली, लाकडी पेटी काढली आणि एक एक करून पितळी वजनं काट्यावर मांडली. रांग आपोआप वर्तुळ झाली.

"हे दोन किलो," तो म्हणाला.

काट्याने दोन पूर्णांक एक दाखवलं.

वर्तुळात कुजबुज सुरू झाली. दोनाला शंभर, तर साताला किती, हे गणित लोकांनी कधी नव्हे इतक्या वेगाने केलं. दंतवैद्याने परत येऊन एक स्वेटर काढला. एका आजींनी विचारलं, की त्या स्वतः उभ्या राहिल्या तर चालेल का, त्यांच्या डॉक्टरांवर त्यांचा बरेच दिवस संशय होता. कंपनीचा पर्यवेक्षक धावत आला आणि सर, सर करत म्हणाला की आपली बॅग तशीच जाऊ द्या, काही हरकत नाही.

खारूच्या आईला वाटलं, संपलं. चला.

नवऱ्याने मात्र खिशातून ओळखपत्र काढलं. कोटाच्या बाराव्या, मूळच्या खिशातून. हा विमानतळ जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला होता, पण जिल्हा त्याचाच होता. काट्याची मुदत वर्षभरापूर्वी संपली होती आणि त्यावर आजही दंड आकारला जात होता. अशा काट्याला सील ठोकणं हे त्याचं काम होतं. पर्यवेक्षकाने हात जोडले. हा एकच काटा आहे, तो बंद झाला तर सामानाचं वजन होणार नाही, वजनाशिवाय विमान सुटणार नाही, दुसरा काटा मालाच्या गोदामातून आणावा लागेल, आणि गोदामाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो जेवायला... निदान नाश्त्याला गेला आहे.

लोक अजून टाळ्या वाजवण्याच्या बेतात होते. हे शेवटचं ऐकून बेत बदलला.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. घरात आठ वर्षं त्याने तिला प्रत्येक गोष्टीचं नेमकं उत्तर दिलं होतं, विचारलेलं नसतानाही.

"पाचला घंटा आहे," ती म्हणाली.

"माझ्या हद्दीत आहे हा काटा."

"तुझं काम तू कर. मला एवढंच सांग, आपण पोहोचू का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. आणि मग त्याने सील ठोकलं.

पुढचे अडीच तास कसे गेले, ते विचारू नये. किल्लीवाला आला, पण किल्ली चुकीची होती. गोदामातला काटा चार माणसांनी उचलून आणला, तर नवरा म्हणाला, याचीही तपासणी करायला हवी. तो मात्र सोळा आणे खरा निघाला. बॅग ठेवली: सात पूर्णांक शून्य. नवऱ्याने हळूच आजूबाजूला पाहिलं. पण मघाशी ज्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं, ते आता त्याच्याकडे पाठ करून बसले होते. एका काकूंनी तर मुलाला बजावलं, तिकडे जाऊ नकोस, तो माणूस विमान थांबवतो.

मधल्या वेळात खारूच्या आईने शाळेत फोन लावला. वडील मोबाइल बाळगत नसत. क्लार्क म्हणाला, सर प्रयोगशाळेत काचेची भांडी मोजून देताहेत, निरोप सांगतो. काय सांगू? ती म्हणाली, "सांगा, उशीर होईल. आमची वाट बघू नका म्हणावं." फोन ठेवल्यावर तिने खारूच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या, गरज नसताना.

विमानात तिला तेविसाव्या रांगेतली खिडकी मिळाली होती. नवरा आणि खारू सातव्या रांगेत. खुर्ची कलत नव्हती, समोर पिशवी नव्हती, पाणी विकत होतं. काय काय काढून टाकलंय, हे ती कुतूहलाने बघत गेली: पडदे, गाद्यांची जाडी, हसण्यातला थोडा भाग. पण चाकं जमिनीवरून सुटली आणि तिच्या लक्षात आलं, की पाच वर्षांत पहिल्यांदाच ती काही काम न करता एकटी बसली आहे. कुणी मांडीवर नाही, कुणी हाका मारत नाही. पंखाखाली ढग इस्त्री न केलेल्या चादरीसारखे पडले होते. ही सोय कंपनीने कुठेच लिहिली नव्हती. काकांच्या कागदातही नव्हती. तिने ती दहा मिनिटं मनापासून भोगली. अकराव्या मिनिटाला मान उंचावून सातव्या रांगेत बघितलं. खारू हवाई सुंदरीला काहीतरी विचारत होती आणि त्या बिचारीने अत्तरं विकणं थांबवून खाली वाकून कान दिला होता. नवरा सरळ समोर बघत बसला होता, अकरा रिकाम्या खिशांसह.

उतरल्यावर तो सामानाच्या पट्ट्याजवळ म्हणाला, "मी चुकलो का?"

तिला खरं तर रागावायचं होतं. सकाळपासून तिने राग जपून ठेवला होता, योग्य वेळी काढू म्हणून. पण त्याने विचारलं तेव्हा ती खरोखरच विचार करू लागली. "काटा खोटा होता," ती शेवटी म्हणाली. "आणि बाबांचा शेवटचा दिवसही आजच आहे. दोन्ही आहे ना." त्याने मान हलवली आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली.

बस वेळेवर आलेल्या विमानांसाठी होती, त्यांच्यासाठी नव्हती. मिळाली ती गाडी सामायिक, तीही भरल्याशिवाय न सुटणारी. शहराच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा पाच वाजायला दोन मिनिटं होती. पाच वाजले तेव्हा खारूच्या आईने डोळे मिटून घेतले. शाळा अजून बरीच लांब होती, घंटा इथवर ऐकू आली नसती, तरी तिने कान दिला.

"झाली का?" खारूने विचारलं.

"झाली असेल."

खारूने दोरी ओढायचा उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि बाहेर बघत राहिली. पुढची वीस मिनिटं तिने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या बाबांना ते सहन झालं नाही. ते उगाचच तिला मैलाचे दगड कसे वाचायचे ते सांगत राहिले.

शाळेच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. मैदान रिकामं होतं. पण रिकाम्या शाळेची असते तशी ती शांतता नव्हती. खिडक्याखिडक्यांत तोंडं होती. खालपासून वरच्या मजल्यापर्यंत दप्तरं पाठीवर अडकवून बसलेली मुलं एकाच दिशेला बघत होती. पायरीवर मुख्याध्यापिका बाई घड्याळ हातावर फिरवत उभ्या होत्या. आणि घंटेखाली, दोराचा वेढा मनगटाला देऊन, आजोबा.

क्लार्क फाटकाशी धावत आला आणि दबक्या आवाजात सांगू लागला. निरोप त्याने दिला होता, शब्द न् शब्द. सरांनी ऐकून घेतला होता. पाच वाजून पाचला बाई येऊन गेल्या, दहाला पुन्हा आल्या. पालक बाहेर ताटकळलेत. पाचवीच्या मास्तरांनी तोच धडा दुसऱ्यांदा सुरू केलाय. पण सर प्रत्येक वेळी एवढंच म्हणतात, "अजून झाली नाही वेळ, बाई." एकतीस वर्षांत एक मिनिट इकडेतिकडे नाही, आणि आज हे. बाई तरी काय बोलणार?

खारूच्या बाबांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.

आजोबांनी 'उशीर का झाला' असं विचारलं नाही. खारूला उचललं, दोराचं टोक तिच्या हातात दिलं आणि वरून आपला हात ठेवला. "जोरात नाही. पुरती ओढ, आणि मग सोड," ते म्हणाले. खारूने ओढली. घंटेचा आवाज होईपर्यंत एक क्षण गेला, आणि मग सगळी शाळा एकदम दारांतून फुटली. बूट, दप्तरं, डबे, आरडाओरडा. पाचवीचे मास्तर मुलांच्या पुढे होते.

पाच मिनिटांत मैदान खरोखरच रिकामं झालं. आजोबांनी दोर गुंडाळून खिळ्याला अडकवला, हात रुमालाला पुसले, आणि खांद्यावर बॅग घेऊन अवघडून उभ्या असलेल्या जावयाला म्हणाले, की चेहरा का असा, काही खाल्लं नाही का वाटेत. दोघं बाईंना भेटायला आत गेले. खारू आणि तिची आई पायरीवर बसल्या.

"मुलं एवढी का पळाली?"

"सुटली ना. घरी गेली."

"आजोबा पण घरी जाणार?"

"हो. आपण सगळेच जाणार."

"आणि उद्या परत येणार?"

"नाही. उद्यापासून आजोबा घरीच."

"दिवसभर?"

"दिवसभर."

खारूने खिळ्यावरच्या दोराकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आजोबांना सोडायची घंटा कोण वाजवणार?"